एक तालुका, लग्नाचे कायदे अनेक

साकोली तालुक्यातल्या बौद्ध लग्नात पांढरी साडी, बुद्ध-आंबेडकरांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती, त्रिसरण-पंचशील. सप्तपदी नाही. तरी लग्न 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातच मोडतं. कलम 7 नुसार ज्यांची जी रूढी, तोच विधी. तालुक्यातल्या गोंडांना मात्र हा कायदा लागूच नाही. कलम 2(2) अनुसूचित जमातींना वगळतं, त्यांची रूढी हाच कायदा. (वाद झाला की ती रूढी कोर्टात सिद्ध करत बसा!) आंतरधर्मीय जोडप्यांना 1954 चा विशेष विवाह कायदा: 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, अक्षता हौसेपुरत्या. समलिंगी जोडप्यांसाठी हेही दार सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये उघडलं नाही. राज्यात लग्नाची नोंदणी 1998 च्या कायद्याने. खेड्यात ती ग्रामपंचायतीत. पण विधीविना नुसतं प्रमाणपत्र म्हणजे हिंदू विवाह नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेच 2024 मध्ये बजावलं.