परदेशातील मुक्काम आणि त्याची मुदत

१९६१ च्या डिसेंबरपर्यंत बांद्याहून पेडण्यास येणे म्हणजेच परमुलखात येणे होते. आज त्याच पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ झाला आहे, आणि आपल्या समाजातील वडील मंडळी अमेरिकेस मुलामुलींकडे जाऊन येऊ लागली आहेत. निमित्त बहुधा बाळंतपणाचे असते, आणि बाळंतपण काही परतीच्या तिकिटाची तारीख पाहून होत नाही. यास्तव तेथील मुक्काम वाढविण्याचे नियम सभासद बंधुभगिनींस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सर्वांत मोठा घोटाळा व्हिसाच्या तारखेवरून होतो. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी तो केवळ दारापर्यंत जाण्याचा परवाना होय. आत किती दिवस राहावयाचे हे तेथे उतरल्यावर अधिकारी ठरवितो व ती तारीख ‘आय-९४’ नामक नोंदीत असते. पाहुण्यास साधारणतः सहा महिने मिळतात. ही नोंद आता संगणकावर असते. पोहोचताच मुलाकडून ती छापून घ्यावी. पासपोर्ट लवकर संपणारा असल्यास मुदतही आखूड मिळण्याचा संभव असतो.

समजा, डिचोलीची एखादी आजी १० मार्चला उतरली व नोंदीत ९ सप्टेंबर ही तारीख पडली. नातवंड अशक्त निघाले, सुनेस आणखी दोन महिने सोबत हवी. अशा वेळी ‘आय-५३९’ हा अर्ज करावयाचा. तो किमान ४५ दिवस आधी, म्हणजे २६ जुलैपर्यंत करावा, अशी तेथील खात्याची सूचना आहे. मुक्काम का वाढवावयाचा, परत केव्हा निघणार, खर्च कोण सोसणार, हे पुराव्यानिशी मांडावे. डॉक्टरांचे पत्र व मुलाच्या बँकखात्याचा उतारा उपयोगी पडतो. आजोबाही बरोबर असल्यास त्यांचे नाव पुरवणी अर्जाने जोडता येते. फी वरचेवर बदलते. त्या दिवसाचा दर पाहावा.

निकालास पुष्कळदा महिने लागतात. अर्ज वेळेत व सद्‌हेतूने केलेला असेल आणि पाहुण्याने मोबदल्याचे काम केले नसेल, तर निकालापर्यंतचे राहणे बेकायदा मोजले जात नाही. नकार आल्यास मात्र तत्काळ निघावे.

हुंडीस सवलतीचे दिवस असतात, तसे या तारखेस धरू नयेत. अर्जावाचून एक दिवस जास्त राहिल्यासही तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून अधिक राहून निघाल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षे पुनःप्रवेश बंद! साठी उलटलेल्या आजीस दहा वर्षे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

युरोपात हा हिशेब लागू नाही. इंग्लंडमध्ये सामान्य पाहुण्यास एकूण सहा महिन्यांपलीकडे वाढ बहुधा मिळत नाही. पोर्तुगालसह शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, व वाढ गंभीर आजारासारख्या अनिवार्य कारणानेच मिळते.