यंदाच्या तिजोरीतून किती?

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली. ती हेपटायटिस सी या यकृत पोखरणाऱ्या विषाणूजन्य आजारावरची. इतर औषधांच्या जोडीने ही गोळी बारा आठवडे घेतली की बहुतेक रुग्णांच्या शरीरातून विषाणू नाहीसा होई. छापील किंमत मात्र गोळीला १,००० डॉलर, पूर्ण उपचाराला ८४,०००.

टळलेला सिरॉसिस, टळलेला कर्करोग, टळलेलं यकृत प्रत्यारोपण जमेस धरलं, तर अनेक अभ्यासांत हा खर्चही रास्त ठरला. पण ती बचत पुढच्या कित्येक वर्षांत विखुरलेली, आणि बिल यंदाच भागवायचं. अमेरिकेत तीसेक लाख रुग्ण धरले, तर नुसत्या गुणाकारानेच आकडा २५० अब्ज डॉलरपलीकडे जातो. काही राज्यांच्या मेडिकेड योजनांनी (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने) यकृत बरंच खराब झालेल्यांनाच औषध देण्याची अट घातली. बरे होऊ शकणारे लोक आजार बळावण्याची वाट पाहत राहिले. मला हे अक्षम्य वाटतं.

पण वरच्यासारखा ढोबळ गुणाकार म्हणजे बजेट इम्पॅक्ट मॉडेल नव्हे. मॉडेल पैसे भरणाऱ्याच्या बाजूने, साधारण एक ते पाच वर्षांसाठी, दोन चित्रं मांडतं: नवं औषध आलं तर खर्च किती, आलं नाही तर किती. दोहोंतला फरक म्हणजे तिजोरीवरचा भार. त्यासाठी आधी माणसं मोजावी लागतात. बाधित किती, त्यांतले निदान झालेले किती, त्यांतले यंदा खरोखर उपचाराला येणारे किती? प्रत्येक पायरीवर संख्या गळते. मग सवलतीनंतरची किंमत धरायची, तपासण्या मिळवायच्या, जुन्या इंटरफेरॉन इंजेक्शनांचा वाचलेला खर्च वजा करायचा. हेपटायटिस सीमध्ये आणखी एक गोष्ट आहे: रुग्ण बरा होतो. साचलेले रुग्ण आधी येतात, म्हणून सुरुवातीची वर्षं जड जातात आणि पुढे भार उतरतो. पाच वर्षांची एकच बेरीज दाखवली तर हा उतार दिसतच नाही.

म्हणूनच निर्णय घेणाऱ्यांसमोर वर्षवार आकडे ठेवावेत, गृहीतकं पहिल्याच पानावर लिहावीत आणि कोष्टक खुलं द्यावं. वित्त अधिकाऱ्याला ‘दुप्पट रुग्ण आले तर?’ हे स्वतः बदलून पाहता आलं पाहिजे. खर्चाच्या शेजारी बऱ्या होणाऱ्यांची संख्याही हवी. ती नसली की चर्चा फक्त कपातीची होते.

किती रुग्ण येतील ही अनिश्चितता ऑस्ट्रेलियाने औषध कंपन्यांशी वाटाघाटीत आणली. मार्च २०१६ पासून तिथे पाच वर्षांसाठी सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार लागू झाला. खर्चाला मर्यादा होती, रुग्णसंख्येला नव्हती. जितके जास्त लोक उपचार घेतील, तितका दरडोई खर्च कमी. इंग्लंडने २०१७ मध्ये नियमच केला: पहिल्या तीनपैकी कोणत्याही वर्षी नव्या औषधाचा भार दोन कोटी पौंडांवर जाणार असेल, तर कंपनीशी वाटाघाट सुरू करायची.

भारतात जेनेरिक गोळ्यांनी किंमत खाली आणली आणि जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या हेपटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत झाला. इथल्या कोष्टकात आता गोळीइतकंच लक्ष दुसऱ्या ओळींकडे द्यायला हवं: रक्ततपासणी, विषाणू मोजणारी प्रयोगशाळा, आणि आजार असल्याचं ठाऊकच नसलेल्या माणसापर्यंत पोहोचणारा आरोग्यसेवक.