पाणी जोडातून शिरतं
भरपावसात उभ्या राहणाऱ्या मंडपांची रोषणाई आणि ती सांभाळणारी कारागिरी

मराठी मुलखातल्या उघड्यावरच्या खेळांनी पावसाळा टाळूनच आपलं वर्ष आखलं. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततात. कोकणात दशावताराचे पेटारे कार्तिकातल्या जत्रांना उघडतात आणि मृग लागायच्या आत मिटतात. मुंबईच्या गिरगावानं आणि गिरणगावानं मात्र आपला सगळ्यांत मोठा उघड्यावरचा सोहळा भाद्रपदात मांडला. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. चिंचपोकळीचं मंडळ १९२०चं, गणेश गल्लीचं १९२८चं, लालबागचा राजा १९३४चा. मुंबईत सप्टेंबर महिन्यात सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नेमक्या त्याच दिवसांत रस्त्यावर बांबू उभे राहतात, ताडपत्री चढते, व्यासपीठं बांधली जातात आणि हजारो दिवे लागतात. त्याआधी श्रावणात दहीहंडी होते, तिथे तर पाणी आपण स्वतःच मारतो. दसऱ्याच्या सुमारास शिवाजी पार्कावर सभेची तयारी चालू असते तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर असतोच.

एवढा पाऊस अंगावर घेऊन दिवे दहा दिवस जळत राहतात, ही एक कारागिरी आहे. मूर्तिकाराचं नाव होतं, देखाव्याला बक्षीस मिळतं, रोषणाईचे फोटो निघतात. पण पावसात रोषणाई टिकवून धरणारा वायरमन कुणाला ठाऊक नसतो. त्याचं काम दिसत नाही, आणि न दिसणं हीच ते नीट झाल्याची खूण असते.

गॅसबत्तीपासून एलईडीपर्यंत

उघड्यावरच्या रंगमंचांची परंपरा या भागात जुनी आहे. साहित्य संघ मंदिराची आजची इमारत १९६४ साली उभी राहिली, त्याआधी केळेवाडीत संघाचा खुला रंगमंच होता. धोबीतलावचं रंगभवन खुलंच होतं. परळच्या कामगार मैदानानं शाहिरांच्या ललकाऱ्या ऐकल्या. वीज पोहोचली नव्हती तिथे गॅसबत्ती होती. तिचा वैरी पाऊसच. तापलेल्या काचेवर गार थेंब पडला की काच तडकायची.

पुढे हॅलोजन आले आणि त्यांच्या मागोमाग पार कॅन. पार ६४ या नावातला आकडा काचेचा व्यास सांगतो: इंचाचे ६४ अष्टमांश, म्हणजे आठ इंच. एक हजार वॉटचा बल्ब, चिनी मातीचा होल्डर आणि पत्र्याचा डबा, एवढाच त्याचा संसार. काच तडकायची भीती इथेही होती, पण हा दिवा भिजला तरी आत बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. शिवाय स्वतःच्या उष्णतेनं तो स्वतःला वाळवायचा.

एलईडी आल्यावर हिशेब पालटला. चाळीस पार कॅन म्हणजे ४० किलोवॉट. तीन फेजांत वाटूनही दर फेजवर सुमारे ५८ अँपिअरचा भार. त्याच जागी दोनशे वॉटचे चाळीस एलईडी पार लावले तर ८ किलोवॉट, दर फेजवर बारा अँपिअरही नाहीत. बिल कमी, वायर बारीक, जनरेटर लहान. पण या दिव्याच्या पोटात आता वीज नियमित करणारा ड्रायव्हर आहे, सर्किट बोर्ड आहे, रंग बदलायला डीएमएक्सचा सिग्नल येतो. पाण्याचा एक थेंब पत्र्याच्या डब्यात सुकून जायचा. बोर्डावर पडला की तो तांबं खातो, आणि दिवा कधी बंद पडतो तर कधी भलत्याच वेळी भलत्याच रंगात लुकलुकतो. म्हणजे वीज वाचली तरी पाण्यापासून जपायची जबाबदारी वाढली.

दोन आकड्यांचा अर्थ

लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात दिवा घ्यायला गेलं की खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे दिसतात. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून हे आकडे आले आहेत आणि भारतानंही ते मानक स्वीकारलं आहे. पहिला आकडा धुळीसाठी, शून्य ते सहा. दुसरा पाण्यासाठी. पहिल्या आकड्याकडे मंडळं सहसा पाहत नाहीत, पण मिरवणुकीत गुलाल उधळला जातो त्या गावात तो फार मोलाचा आहे. गुलालाची भुकटी पंख्याच्या जाळीतून आत गेली आणि वर दमट हवा मिळाली, की बोर्डावर तिचा लेप बसतो. पहिला आकडा सहा असेल तर धूळ आत जात नाही.

दुसऱ्या आकड्याचा अर्थ आपल्याच गल्ल्यांतून समजून घेता येतो. चार म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसणारा. मंडपाच्या कडेला, छताखाली, तेवढं पुरतं. पाचची परीक्षा पाण्याच्या धारेनं घेतात: मिनिटाला साडेबारा लिटर. तिरप्या पावसात समोरच्या ट्रसवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, टांगलेल्या दिव्याला किमान हे हवं. सहाच्या परीक्षेत मिनिटाला शंभर लिटर पाण्याचा मारा असतो. दहीहंडीच्या दिवशी गोविंदांवर पाइपानं पाणी मारणारे लोक आठवले की या आकड्याची गरज कळते. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही टिकणारा.

हा सातचा आकडा परळ-दादरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. २९ ऑगस्ट २०१७, गणेशोत्सवाचा पाचवा दिवस. त्या दिवशी हिंदमाताचा सखल चौक नेहमीप्रमाणे पाण्यानं भरला, केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. अशा दिवशी पाणी वरून पडतं त्याहून जास्त खालून चढतं. जमिनीवर ठेवलेला, मूर्तीवर खालून प्रकाश टाकणारा दिवा ‘आयपी ६५’चा असला तरी त्याची परीक्षा धारेची झालेली असते, बुडण्याची झालेली नसते. तिथे ६७च हवा. आणि मेन बोर्ड तर कुठल्याही आकड्याच्या भरवशावर जमिनीजवळ ठेवूच नये. गल्लीत आजवर जिथवर पाणी चढलं त्या खुणेच्या वर, मजबूत चौकटीवर त्याची जागा.

सगळीकडे महाग दिवे लावायची गरज नसते. पक्क्या पत्र्याखाली, आत खोलवर, साधे दिवे चालतात. मात्र ताडपत्रीचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात त्या रेषेखाली साधा दिवा कधीच टांगू नये, कारण पाणी साचून गळायला लागतं ते तिथूनच. गिरगाव चौपाटीवरच्या दिव्यांना आणखी एक शत्रू आहे: खारा वारा. तिथे स्क्रू साध्या लोखंडाचे असतील तर काही दिवसांत गंजतात, झाकण घट्ट बसत नाही आणि ६५चा दिवा नावापुरता ६५ उरतो. समुद्रकाठी ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील मागावं.

आकडा वाचताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. ही परीक्षा कोऱ्या दिव्यावर, स्वच्छ गोड्या पाण्यानं झालेली असते. तीन उत्सव पाहिलेल्या, दोनदा पडलेल्या, भाड्याने फिरलेल्या दिव्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

शिडीवरच्या माणसाचा हात

दिवा ६५चा, पण त्याला जोडलेला प्लग घरगुती थ्री-पिन आणि त्यावर काळी टेप गुंडाळलेली: हे दृश्य मंडपांत वारंवार दिसतं. टेप पाणी अडवत नाही. उलट एकदा आत गेलेलं पाणी बाहेर पडू देत नाही. बहुतेक बिघाड दिव्यात होत नाहीत, ते जोडात होतात. म्हणून दिव्याइतकाच पैसा जोडांवर खर्च करावा. मुख्य लाइनला निळे किंवा लाल इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट वापरावेत, निळा २३० व्होल्टचा, लाल तीन फेजचा. तेही पाण्यासाठीच्या आकड्याचे. दिव्यांमधल्या जोडणीसाठी नेहमीचा निळा पॉवरकॉन पावसासाठी बनलेलाच नाही. त्याचा उघड्यावर चालणारा वेगळा प्रकार मिळतो, तो मागून घ्यावा.

उत्सवाआधी लालबागच्या एखाद्या गल्लीत थांबून शिडीवरच्या जाणत्या वायरमनचा हात पाहावा. वायर वरून येते, सॉकेटपाशी पोहोचते, पण तो ती सरळ आत घालत नाही. आधी सॉकेटच्या खाली वीतभर सोडतो आणि मग पुन्हा वर घेऊन जोडतो. “झोळ दे,” एवढंच खालच्या पोराला सांगतो. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी जमतं आणि थेंब थेंब खाली गळतं, सॉकेटपर्यंत चढू शकत नाही. मग तो सॉकेटचं तोंड खाली वळवतो आणि वायर बांबूला बांधतो, पण करकचून नाही, कारण वाऱ्यानं बांबू हलला की ताण जोडावर यायला नको. या तीन हालचालींना एक पैसाही लागत नाही. त्या शाळेत शिकवल्या जात नाहीत, एका पावसाळ्यातून दुसऱ्याला मिळतात.

आणखी एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. दिवा तासन्‌तास जळून आतली हवा साठ अंशांवर जाते. अचानक सर आली की ती पंचवीस-तीसवर उतरते. बंद डब्यातल्या हवेचा दाब त्यामुळे सुमारे दहा टक्क्यांनी पडतो आणि दिवा बाहेरची हवा आत ओढतो. झाकणाच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे रबरी पट्टीत, बारीकशी फट असेल तर तिच्यावर साचलेलं पाणीही त्या ओढीबरोबर आत जातं. चांगल्या दिव्याला म्हणून मागच्या बाजूला एक छोटी चकती असते. तिच्या पापुद्र्यातून हवा जाते, थेंब जात नाही. अतिकाळजीपोटी कुणी तिच्यावर सिलिकॉन किंवा एम-सील थापतं आणि दिव्याचा श्वासच कोंडतो. मग तो गॅस्केटमधून ओढतो. पार कॅनवर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी त्याहून वाईट, कारण ती वितळते आणि पेटही घेऊ शकते.

ट्रिप होणारं बटण

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. गिरगावापासून दादरपर्यंत वीज बेस्टची. उत्सवासाठी तिच्याकडून रीतसर तात्पुरती जोडणी मिळते. त्या जोडणीनंतर मंडळाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली नाही, म्हणजे ती ओल्या खांबातून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत जाते आहे, हे ओळखून तो क्षणात लाइन तोडतो. लोखंडी ट्रसला अर्थिंग हवं, तेही स्वतंत्र आणि तपासलेलं.

पण पावसात आरसीसीबी वारंवार पडतो, म्हणजे ट्रिप होतो. ऐन आरतीला अंधार होतो, रांगेतले भाविक कुरकुरतात, आणि कुणीतरी म्हणतं, “तात्पुरता बायपास कर.” या एका वाक्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. आरसीसीबी पडतो तेव्हा तो खोडी काढत नसतो. तो सांगत असतो की कुठलातरी जोड ओला आहे.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. सगळा मंडप एकाच आरसीसीबीवर ठेवू नये. व्यासपीठ, कमान, रस्त्यावरची तोरणं, रांगेचा मार्ग, ध्वनी: प्रत्येकाची शाखा वेगळी, प्रत्येकीला आपला आरसीसीबी. कमानीत पाणी शिरलं तर फक्त कमान विझेल, मूर्तीसमोरचा प्रकाश राहील, आणि बायपासचा मोह कुणाला होणार नाही. रोज संध्याकाळी दिवे लावण्याआधी टेस्ट बटण दाबून पाहावं. मंडप बांधून झाल्यावर मेगरनं इन्सुलेशन मोजावं. प्रत्येक शाखेला किमान एक मेगाओहम हवा. एखादी शाखा त्याखाली आली तर ती जोडण्याआधी जोड एकेक करून उघडून पाहावेत.

विसर्जनानंतरचं काम

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दिवे तसेच गोणीत भरून जिन्याखाली ढकलले, की पुढच्या वर्षीच्या बिघाडाची पेरणी झाली. ओला दिवा बंद करून ठेवणं म्हणजे गंजाला वर्षभराची मुदत देणं. विसर्जनाचा शीण उतरला की एक दिवस यासाठी राखून ठेवावा. वीज तोडून दिवे ओल्या, पिळलेल्या फडक्यानं पुसावेत. चौपाटीवर वापरले असतील तर गोड्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा. मग ते सावलीत पूर्ण वाळू द्यावेत.

झाकण उघडलं तर आधी गॅस्केट पाहावी. बोटानं दाबल्यावर ती परत फुगली पाहिजे. चपटी राहिली, चिरली किंवा तिच्यात गुलालाचे कण रुतलेले दिसले तर बदलावी. तिला थिनर किंवा पेट्रोल लावू नये. झाकण लावताना स्क्रू गाडीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे आळीपाळीनं आवळावेत. एका बाजूनं आवळत गेलं की दुसरीकडे फट उरते आणि पाण्याला तेवढी पुरते. वायर दिव्यात शिरते तिथली ग्लँड हातानं ओढून पाहावी. वायर सरकली तर ती सैल आहे. सिग्नलच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर ते गंजणारं तांबं आहे, ती पिन बदलावी. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा गोदामातले दिवे अर्धा तास लावावेत, म्हणजे आतली ओल निघून जाते.

दिवे भाड्याने आणणाऱ्या मंडळांनी कंत्राटदाराला चार प्रश्न विचारावेत. दिव्याचा आकडा कोणता? जोडांचा कोणता? गॅस्केट कधी बदलली? आरसीसीबी किती आणि कुठे? कामाची जाण असलेला कंत्राटदार या प्रश्नांनी नाराज होत नाही. आपलं काम समजणारं गिऱ्हाईक भेटलं, याचा त्याला आनंदच होतो.

मंडळांकडे एक फार चांगली रीत पूर्वापार आहे. वर्गणीचा पैन्‌पै हिशेब दरवर्षी अहवालात छापायचा आणि घरोघर वाटायचा. त्या जमाखर्चाच्या शेजारच्या पानावर विजेच्या तपासणीचाही हिशेब छापावा: कोणत्या शाखेचं इन्सुलेशन किती निघालं, आरसीसीबी किती वेळा पडला आणि कोणत्या जोडात दोष सापडला, किती गॅस्केटी बदलल्या, आणि हे काम कुणी केलं. त्या वायरमनचं नाव मूर्तिकाराच्या आणि देखावाकाराच्या नावांबरोबर यावं. आपल्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क या गल्ल्यांनी शंभर वर्षं बजावला आहे. आपल्या जिवाच्या सुरक्षेचा हिशेबही त्यांनी त्याच हक्कानं मागावा.