समजून घ्या : केसगळतीने विचारलेला ताटाचा प्रश्न

बुलढाणा : डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव परिसरातील बोंडगाव, कालवडसह 18 गावांतील 279 जणांचे केस अचानक गळाले. काहींना तीन-चार दिवसांतच टक्कल पडले. आधी संशय पाण्यावर होता. नंतर लक्ष गेले रोजच्या पोळीकडे.

गव्हात काय सापडले?
पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या घरातील रेशनचा गहू तपासून घेतला. त्यात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. धुतलेल्या गव्हातही ते 13.61 मिलिग्रॅम होते. म्हणजे हा दोष दाण्याच्या आतच होता. रुग्णांच्या रक्तातही सेलेनियम जास्त आणि झिंक कमी असल्याचे त्यांनी सांगितले. हा गहू पंजाबकडचा असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. शिवालिक पायथ्याच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम जास्त असते आणि ते पिकात उतरते.

शरीरावर परिणाम कसा?
प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 40 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. वरील गव्हाच्या फक्त 100 ग्रॅम पिठातून त्याच्या सुमारे 36 पट मिळते. जादा सेलेनियम केसांतील प्रथिनात गंधकाची जागा घेते. त्यामुळे केस ठिसूळ होऊन गळतात, नखेही खराब होतात.

एकाच धान्याचा धोका
अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. गरीब घराला त्याचा मोठा आधार आहे. पण दोन्ही वेळच्या जेवणात तोच गहू असेल, तर त्यातला दोष दररोज पोटात जातो. पूर्वी घरच्या शेतातील ज्वारीची भाकरी हे या भागाचे मुख्य अन्न होते. आता खरिपात सोयाबीन हे मुख्य पीक आहे आणि ते बहुतेक बाजारातच जाते.

ताटात काय हवे?
राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तृणधान्यांतून 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा घेऊ नये. म्हणून :
• पोळी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी आलटून-पालटून खा.
• रोज वरण किंवा उसळ घ्या. जमेल तेव्हा अंडे.
• मेथी, शेवगा अशा पालेभाज्या आणि मूठभर शेंगदाणे ठेवा.
• सेलेनियमच्या गोळ्या मनाने घेऊ नका.
• केस किंवा नखे अचानक गळू लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि घरातील धान्य तपासणीसाठी राखून ठेवा.

धान्याची तपासणी ही सरकारची जबाबदारी आहेच. मात्र ताटात विविधता असली, तर एका पोत्यातील दोष साऱ्या घराला भोवण्याची शक्यता कमी होते.