नव्या गाडीवर जुनी बॉडी

लग्नसराई तोंडावर आली की मुरगूड, निपाणी, गारगोटी या आमच्या पट्ट्यात वरातीसाठी एका विशिष्ट गाडीची चौकशी सुरू होते. लांब नाकाची, फुगीर मडगार्डांची, दोन्ही बाजूंना फूटबोर्ड आणि पुढे ताटलीएवढे दिवे असलेली. बघणाऱ्याला वाटावे, कुठल्यातरी राजवाड्याच्या पागेतून आताच बाहेर पडली. बॉनेट उचलले की खरा प्रकार कळतो. आत जीपचे, बोलेरोचे नाहीतर मारुतीचे इंजिन असते. वरची बॉडी जुन्या नमुन्याची आणि खालची गाडी हल्लीची.

आपल्या समाजातील गॅरेजात काम करणारी दोन-तीन मुले अलीकडे आमच्याकडे येऊन गेली. फॉर्म भरणे, अर्ज लिहिणे, बँकेचे कागद लावणे ही कामे आमच्याकडे येतातच. या मुलांना कर्ज काढून अशी एक गाडी घराच्या अंगणात तयार करायची आहे आणि लग्नाला भाड्याने द्यायची आहे. वेल्डिंग येते, डेंटिंग येते, रंगकाम येते, मग अडचण कसली, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे, म्हणूनच त्याचे उत्तर घाईने देऊन चालणार नाही.

या मुलांच्या हौसेला नावे ठेवणारे शहाणे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्यात नाही. गावगाड्यात लोहाराला भाता होता, सुताराला वाकस होता. आपल्या वाट्याला हातातला धंदा आला नाही, आली ती वतनाची बिनमोल चाकरी. ते महार वतन कायद्याने गेले १९५८ साली. त्यानंतर आपला मुलगा गॅरेजात शिरला तो पाने उचलून देणारा पोऱ्या म्हणून. आज तोच मुलगा पत्र्याला गोलाई देतो. वेल्डिंग मशीन कोणाची जात विचारत नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

कोल्हापूरची मातीही अशा कामाला अनुकूल. बाबूराव पेंटरांनी विलायतेहून कॅमेरा मागवण्याची वाट न पाहता दामल्यांच्या मदतीने कोल्हापुरातच कॅमेरा बनवला, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. उद्यमनगरातल्या लेथवर न होणारा भाग सापडणे कठीण, असे जुने कारागीर म्हणतात ते उगीच नाही.

आता कामाकडे वळू. पूर्वी मोटार विकत घेणारे श्रीमंत लोक पुष्कळदा कारखान्यातून नुसती चेसी, इंजिन आणि चाके घेत. बॉडी वेगळ्या कारागिराकडून आपल्या पसंतीने बांधून घेत. बस आणि ट्रकच्या बाबतीत ही पद्धत आपल्याकडे अजून आहे. हे शक्य होते, कारण सगळा भार चेसी उचलत असे. जुना वाडा आठवावा. त्याचे खांब आणि तुळया छप्पर पेलतात, भिंती नुसत्या भरलेल्या असतात. एखादी भिंत काढून दुसरी घातली तरी वाडा उभा राहतो. जीप, बोलेरो, सुमो, जिप्सी या गाड्या वाड्यासारख्या आहेत. खाली शिडीसारखी लोखंडी चेसी असते आणि वर बोल्टांनी बसवलेली बॉडी.

मारुती ८०० किंवा ओम्नीचे तसे नाही. तिथे वेगळी चेसी नाहीच. तळाचा पत्रा, बाजूचे खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी होते आणि तीच सगळा भार घेते. म्हणजे भिंतींवर उभे असलेले घर. त्याची भिंत पाडली तर छप्पर खाली येणार. आपली अँबॅसिडर दिसायला जुनी आणि दणकट, पण तीही याच जातीची. स्वस्तात मिळते म्हणून जुनी मारुती घ्यायची, तिचे छप्पर आणि खांब कापून काढायचे आणि वर फायबरची नाहीतर पत्र्याची विंटेज बॉडी ठेवायची, हा प्रकार सर्वात धोक्याचा. सपाट रस्त्यावर ती चालेल. माणसे भरून खड्ड्यात गेली की मध्येच वाकेल. दार एकाएकी लागेनासे झाले, तर समजावे की पेटी वाकली आहे.

परदेशात या छंदाला फोक्सवॅगन बीटलने मोठा हात दिला. त्या गाडीची बॉडी तळाच्या पाट्यावर बोल्टांनी बसवलेली असे. बॉडी उचलली की तळ, इंजिन, चाके सगळे जागच्या जागी राही. अमेरिकेत १९६४ साली ब्रूस मायर्स यांनी बीटलच्या यंत्रांवर फायबरची छोटी वाळूतली गाडी काढली, आणि पुढे तयार बॉड्यांचा मोठा धंदाच उभा राहिला. इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी होते, पास झाली की नंबर मिळतो. ही सोय आपल्याकडे नाही. त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

चेसीची गाडी निवडली तरी पहिले काम मोजपट्टीचे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर जुळले पाहिजे. १९२८ ते १९३१ मध्ये निघालेल्या फोर्ड मॉडेल ए गाडीचे हे अंतर साधारण २६३० मिलिमीटर, बोलेरोचे २६८०. फरक दोन इंचांचा, म्हणून जुळवाजुळव होऊ शकते. मारुती ८०० चे अंतर २१७५ आहे. तिथे तीच बॉडी बसवायची तर चाक मडगार्डाच्या मध्यावर येणारच नाही, आणि मग लोक गाडीच कापून लांब करतात! चाकांच्या मापातही फरक असतो. त्या फोर्डची चाके एकोणीस आणि एकवीस इंची, बोलेरोची पंधरा इंची. छोट्या चाकांवर मोठी बॉडी म्हणजे मोठ्या माणसाने लहान पोराच्या चपला घातल्यासारखे दिसते.

पण खरी परीक्षा दिसण्यात नाही. जुन्या गाडीचे नाक अरुंद असते. त्यामागे आजचा रेडिएटर बसवला की हवा कमी मिळते आणि वरातीच्या संथ चालीत इंजिन तापते. स्टिअरिंगचा दांडा नव्या जागी न्यायला मध्ये जोड द्यावा लागतो. तो जोड घरच्या वेल्डिंगवर सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. दांडा तुटला तर ब्रेक लावायलाही वेळ मिळत नाही. जुन्या नमुन्याच्या काही दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. चालत्या गाडीत असे दार चुकून सुटले तर वारा त्याला सताड उघडतो. पुढची काच साधी खिडकीची लावली तर फुटल्यावर तिचे सुरे होतात, तिथे दोन काचांमध्ये पापुद्रा असलेली मोटारीचीच काच हवी. सीटबेल्टला धरायला मजबूत जागा हवी. पातळ पत्र्याला मारलेला बोल्ट धडकेत पत्र्यासकट उपटून येतो.

घरी काम करताना आणखी एक पथ्य आहे. पेट्रोलची टाकी काढून लांब नेल्याशिवाय आणि बॅटरीची वायर सोडल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडू नये. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक, कारण आत वाफ असते. काळी काच न धरता नुसत्या डोळ्यांनी टाके मारणाऱ्याच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखे होते, हे गॅरेजातल्या पोरांना सांगायला नको. पण अंगणात बघत उभ्या राहिलेल्या लहान मुलांना ते कोण सांगणार?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. वरातीच्या वाहनात आपल्या लोकांचा जीव का अडकतो, हे ज्याला वाट अडवून घ्यावी लागली नाही त्याला कळणार नाही. उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातील निजामपूर गावात २०१८ साली एका दलित नवरदेवाची वरात निघाली ती पोलीस बंदोबस्तात. आमच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी आपली माणसे माहूत आणि कोचमन म्हणून नेमली, तेव्हा ते किती मोठे पाऊल होते याचा अंदाज अशा बातम्यांवरून येतो.

वाहनाचा हा सल खुद्द बाबासाहेबांनी सोसला आहे. ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या त्यांच्या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. त्यात लहानपणी मसूर स्टेशनवर बैलगाडीवाल्याने केलेला विटाळ आहे, तशीच १९२९ ची चाळीसगावची हकीकतही आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिटीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवरून महारवाड्यात जायचे होते. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. पाहुण्याने पायी यावे हे महारवाड्यातील मंडळींना कमीपणाचे वाटले. शेवटी एकाने टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. मग आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. वाटेतल्या नदीच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले.

ही हकीकत सांगताना बाबासाहेबांनी टांगेवाल्यांचा दोष तर दाखवलाच, पण आपल्या माणसांच्या बाबतीतही एक गोष्ट नमूद केली. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले नाही. प्रेमापोटी झालेल्या चुकीलाही त्यांनी चूकच म्हटले. वरातीची गाडी बांधणाऱ्या आमच्या मुलांना आम्ही ही चार पाने वाचायला दिली आहेत. त्या गाडीत नवरी-नवरा बसणार, आणि मांडीवर कोणाचे तरी लेकरूही असणार.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, कारखानदाराने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळातून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की रंग किंवा किरकोळ बदल चालतील, परवानगी घेऊन इंजिनही बदलता येईल, पण बॉडी आणि चेसीचा मूळ ढाचा बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा प्रत्येक बदल करणाऱ्या मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नवीन नमुन्याची गाडी म्हणून नोंद करायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तिची चाचणी करून मंजुरी आणावी लागते. तो कारखानदाराचा मार्ग आहे, एका गाडीसाठी गरिबाला परवडणारा नव्हे.

विंटेज म्हणून नोंद करू, असे एकाने सुचवले. तोही रस्ता बंद आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातच हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असता कामा नये. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. एवढे करूनही ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, भाड्याला लावता येत नाही. म्हणजे अस्सल जुनी गाडी असली तरी वरातीचा धंदा त्या नोंदणीवर होणार नाही.

पोलिसाला चहापाणी देऊन भागेल, असे म्हणणारे भेटतात. अपघात झाल्यावर चहापाणी चालत नाही. बॉडी बदललेली आणि खाजगी पासिंगची गाडी भाड्याने चालवलेली आढळली, तर विमा कंपनी हात वर करते. जखमी माणसाला कंपनीने भरपाई द्यावी आणि मालकाकडून वसूल करावी, असे निकालही लागतात. ती वसुली कोणाच्या घरावर येते हे सांगायला नको. धंद्याचे कर्ज शिल्लक असताना ही दुसरी वसुली आली तर संसार उठतो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांचे नाव या मुलांच्या तोंडी होते. त्यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण त्याच वेळी हेही लिहिले की गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, तेव्हा तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहारांच्या दारात आली. वर्तमानपत्रांतून सगळ्यांना बोलेरो लक्षात राहिली, अधिकारी थांबवतील हे वाक्य कोणाच्या लक्षात राहिले नाही. प्रत्येक गुणवान कारागिराला असा उद्योगपती भेटत नाही. गुणाची कदर नशिबावर सोडावी लागते, हीच आमची तक्रार आहे. हाताने गाडी बांधणाऱ्याला इंग्लंडप्रमाणे तपासणी करून पास-नापास ठरवणारी खिडकी आपल्या आरटीओत का नसावी? संघटनांनी ही मागणी जरूर लावून धरावी.

तोपर्यंत त्या मुलांना आम्ही जे सांगितले ते असे. बॉडी घडवायचे कसब तुमच्याजवळ आहेच. ते जुनी बॉडी तिच्याच चेसीवर परत उभी करण्यासाठी वापरा. जुन्या जीप, फियाट, अँबॅसिडर जपणारे शौकीन कोल्हापूर, बेळगाव, पुण्यात आहेत. कुजलेला पत्रा कापून तसाच नवा घडवणारा, पुट्टीने न लपवणारा डेंटर त्यांना हवा असतो. या कामात मूळ रूप बदलत नाही, म्हणून कायदा आडवा येत नाही. शिक्षण अर्धवट राहिले असेल तर आयटीआयमध्ये वेल्डर, शीट मेटल, मोटार मेकॅनिक असे ट्रेड आहेत. आणि अनुभव आहे पण कागद नाही अशांसाठी पूर्वीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी योजनाही सरकारने काढली आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा तांत्रिक शिक्षण आणि नोकरी विनिमय केंद्रे यांचे काम त्यांच्याच खात्याकडे होते.

एकाने मात्र हट्ट सोडला नाही. त्याला सांगितले, बांध. पण चेसीच्याच गाडीवर बांध आणि रस्त्यावर आणू नकोस. मंगल कार्यालयाच्या आवारात, नवरा-नवरीच्या फोटोसाठी ती उभी राहू शकते. ट्रॉलीवर चढवून नेता येईल. त्याचे भाडे वरातीपेक्षा कमी मिळेल, पण मिळेल. त्याने आता निपाणीच्या भंगारात जीपची चेसी बघून ठेवली आहे.

ज्यांना वरातीला अशी गाडी ठरवायची आहे त्या आई-वडिलांनी ॲडव्हान्स देण्याआधी आरसी मागावी. तिच्यावर गाडीचा कोणता प्रकार लिहिला आहे आणि समोर काय उभे आहे, हे ताडून पाहावे. पासिंग भाड्याचे आहे का आणि विमा चालू आहे का, हे मोबाईलवर परिवहन खात्याच्या ॲपमध्ये नंबर टाकला की दिसते. चेसी नंबर लोखंडावर कोरलेला असतो. तो घासलेला किंवा रंगाने बुजवलेला दिसला तर दुसरी गाडी बघावी.