मालवाहू व्हॅनचे फिरते घर : आधी कागद, मग करवत

प्रतिनिधी

सोयगाव : अजिंठ्याच्या लेण्यांचे नाव जगभर पोहोचले असले, तरी ही लेणी ज्या सोयगाव तालुक्यात आहेत, तेथे मुक्काम न करताच अनेक पर्यटक माघारी फिरतात. सकाळी छत्रपती संभाजीनगरहून निघायचे, सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून लेणी पाहायची आणि सायंकाळी परतायचे, हा रुळलेला क्रम आहे. गर्दीही साधारणत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात. वास्तविक अजिंठ्याच्या डोंगररांगेचे खरे रूप दिसते ते जुलै ते सप्टेंबरमध्ये. वाघूर नदीच्या माथ्यावरील सातकुंडाचा धबधबा, वेताळवाडीचा किल्ला, रुद्रेश्वर लेणे, जंजाळ्याजवळील घटोत्कच लेणी ही ठिकाणे याच दिवसांत पाहावीत. परंतु आडवाटेच्या या ठिकाणी निवासाची सोय फारशी नाही. त्यामुळे छोटी मालवाहू व्हॅन घेऊन तिचेच फिरते घर करावे, अशी कल्पना अनेक हौशी प्रवाशांच्या मनात येते. कल्पना चांगली आहे. मात्र तिचा पहिला टप्पा सुताराच्या दुकानात नसून परिवहन कार्यालयात आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत स्वरूपात फरक पडेल असा रचनेतील बदल, अशी 'बदल' या शब्दाची व्याख्याही त्याच कलमात आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने शिक्षाही स्पष्ट केली. बेकायदा बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की टप कापून उंच करणे, मागील भागात प्रवासी आसने जोडणे, पत्रा कापून नव्या खिडक्या बसविणे ही कामे गॅरेजमध्ये सहज होतात, पण कागदावर टिकत नाहीत. मालवाहू वाहनाला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. केलेला बदल तेथे उघडा पडतो. त्याहून मोठा धोका विम्याचा. विमा मालवाहू वाहनाचा आणि मागे बसलेले कुटुंबीय, अशा स्थितीत अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. लाखभर रुपयांच्या फर्निचरपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे असते.

दोन सरळ मार्ग

पहिला मार्ग रीतसर कॅराव्हॅनचा. 'मोटर कॅराव्हॅन'साठी देशात एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बैठक व टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची व्यवस्था ही अशा वाहनाची किमान लक्षणे होत. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्यता दिलेल्या बांधणीचे वाहन घेतले, तर नोंदणीही त्याच वर्गात होते. खर्च अधिक, पण निश्चिंती पूर्ण.

दुसरा मार्ग सुट्या संचाचा. वाहनाला भोक न पाडता, पत्रा न कापता, उचलून बाहेर काढता येईल असा पलंग-पेटारा, घडीचे टेबल आणि सुटी बॅटरी ठेवायची. वाहन मालवाहूच राहते. प्रवासात सर्वांनी पुढील मंजूर आसनांवरच बसायचे आणि मागील भाग केवळ मुक्कामी वापरायचा. म्हणजेच ही सोय दोघांची आहे, चौकोनी कुटुंबाची नाही. संच बनविण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांचे म्हणणे लेखी घ्यावे, हे उत्तम.

वजनाचा हिशेब

१८ मिलिमीटर जाडीच्या ८ बाय ४ फुटी प्लायवूडचा एक तक्ता ३० ते ३५ किलोचा भरतो. असे ४ तक्ते म्हणजे सुमारे १३० किलो. ६० लिटर पाणी ६० किलो. बॅटरी, शेगडी, भांडी, अंथरूण आणखी ६० किलो. दोन माणसे १४० किलो. बेरीज ३९० किलोवर जाते. नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनाच्या मर्यादेशी हा आकडा ताडून पाहावा. पाण्याची टाकी खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये ठेवावी. अजिंठा घाटाच्या वळणांवर उंचावरचे वजन गाडीला बाहेर झुकविते.

पावसाळ्यातील वीज

२५ वॅटचा पंखा ८ तास चालला तर २०० वॅट-तास, दिवे ५० आणि मोबाइल ३०, अशी रात्रीची गरज २८० वॅट-तास होते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास साठतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे वापरता येतात ६०० वॅट-तास, दोन रात्रींची बेगमी. छोटा फ्रिज घेतल्यास हा हिशेब एका दिवसात कोलमडतो. आभाळ भरलेले असताना सौर पॅनेलवर विसंबू नये. चालत्या इंजिनवर बॅटरी भरण्याची सोय हवी. बॅटरीलगत फ्यूज मात्र अत्यावश्यक आहे.

ओल आणि हवा

पत्र्याच्या बंद डब्यात दोन माणसांच्या श्वासातून व घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास बाष्प साठते. पहाटे तेच छतावरून ठिबकते आणि गादीखाली बुरशी धरते. म्हणून गादीखाली फळ्यांची जाळी असावी आणि दोन बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. पाऊस लागला म्हणून सर्व काचा बंद करून आत शेगडी पेटविणे ही जिवावरची चूक होय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीखाली करावा. इंजिन चालू ठेवून झोपू नये.

मुक्काम कोठे?

अजिंठा लेण्यांपर्यंत खासगी वाहन जात नाही. फर्दापूरच्या तिठ्यावर ते उभे करून एसटीच्या बसने सुमारे ४ किलोमीटर जावे लागते. सोमवारी लेणी बंद असतात. संरक्षित स्मारकाच्या आवारात वा वनहद्दीत रात्र काढणे टाळावे. नाल्याचे पात्र, दरडीचा पायथा आणि काळ्या मातीचे शेत ही तीन ठिकाणे पावसाळ्यात वर्ज्य समजावीत. काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. त्याऐवजी गावातील ढाब्याचे, मंदिराचे वा शेतकऱ्याचे मुरमाड अंगण विचारून घ्यावे आणि मोबदला द्यावा.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेले कॅराव्हॅन पार्क उभारले जावेत, हा त्यामागील विचार आहे. सोयगावसारख्या तालुक्याला तो विशेष लागू पडतो. लेणी पाहून सायंकाळी परतणारा प्रवासी एक रात्र थांबला, तर दूध, भाकरी, वाटाड्या आणि अंगणाचे भाडे यांचे चार पैसे गावात राहतील. त्यासाठी गाडी मोठी असण्याची गरज नाही. तिचे कागद चोख आणि तिच्यात झोपणारा सुरक्षित असला, तरी पुरे.