गाईच्या पोटातला रांजण

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून आपण तिच्यापुढे नैवेद्य ठेवतो. त्या नैवेद्याविषयी थोडे सांगायचे आहे. पण आधी भाताच्या मुलखात जाऊ.

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, तलावासाठी प्रसिद्ध असलेले बोदलकसा नावाचे गाव आहे. हा सारा धानाचा प्रदेश. धान माणसांच्या वाट्याला आणि मळणीनंतरचे तणस गुरांच्या! त्या तणसातले सत्त्व बहुतेक काष्ठतंतूंत कोंडलेले, आणि तो तंतू फोडणारा पाचकरस निसर्गाने तुम्हांआम्हांला दिला नाही, तसा गाईलाही दिलेला नाही. मग तणसाचे दूध होते कसे?

गाईच्या पोटाला चार कप्पे. त्यांतला पहिला म्हणजे शे-सव्वाशे लिटरांचा रांजणच. आत प्राणवायू जवळजवळ नाही, ऊब मात्र ३९ अंशांची. तिथल्या रसाच्या एकेका थेंबात कोट्यवधी सूक्ष्मजंतू नांदतात. ते तंतू आंबवतात. त्यातून निघणारी आम्ले रक्तात जाऊन गाईला शक्ती देतात, आणि जंतू स्वतः पुढच्या कप्प्यांत वाहत गेले, की पचून तिची प्रथिने होतात. म्हणजे गाय तणस खाते हे अर्धेच खरे. तणसावर ती जंतू पोसते! फिनलंडचे नोबेल पारितोषिकविजेते व्हिर्टानेन यांनी १९६० नंतरच्या दशकात गाईंना प्रथिनांऐवजी युरिया आणि अमोनियाचे क्षार देऊन दूध मिळवून दाखवले, ते याच जंतूंच्या जोरावर. रवंथ (हा शब्द संस्कृत ‘रोमन्थ’चा वंशज) करताना दिवसाला शंभराहून अधिक लिटर लाळ रांजणात उतरते आणि आम्लांची धार बोथट करते.

कारखान्यांत असे आंबवण करायला पोलादी टाक्या आणि पहारेकरी लागतात. गोबरगॅसची टाकी मात्र या रांजणाची धाकटी बहीण. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून असा वायू काढून दिवे लावले होते. गाय तो ढेकरेवाटे सोडून देते.

आता नैवेद्य. तंतू फोडणारे जंतू संथ, पिष्ट खाणारे अधाशी. सणाला दहा घरांचा भात आणि पुरणपोळ्या, किंवा लग्नातला उरलेला भात एकाच गाईपुढे आला, की हे अधाशी जंतू भरमसाट दुग्धाम्ल करतात. लाळ अपुरी पडते, रांजण आंबट होतो, संथ जंतू मरतात. पोट थांबते, आम्ल रक्तात उतरते आणि गाय एकदोन दिवसांत दगावू शकते. तिला ओवाळणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो.

नैवेद्याचा घास एकच द्यावा, बाकी हिरवा चारा. धान्य वाढवायचेच तर दोनतीन आठवडे रोज थोडेथोडे वाढवावे. तेवढ्या अवधीत दुग्धाम्लावर जगणारे दुसरे जंतू रांजणात वाढलेले असतात.